वाकण्यांची वही

घर भाड्यानं देण्याआधी आमच्या घरमालकांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, मासे खाता का तेही विचारलं नाही. त्यांनी पलंगाची लांबी विचारली.

"पलंग किती लांब असे?"

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडे. सांगलीहून माझी बदली तमिळ मुलखात, एग्मोरच्या ऑफिसात झाली होती. आठवडाभर लॉजवर राहून आम्ही दोघं अड्यारमध्ये घर शोधत होतो, आणि मराठी बोलणारा घरमालक भेटला या आनंदात होतो. "साडेसहा फूट असेल," नवरा चाचरत म्हणाला.

"असेल म्हणून नको. मापून सांगा. अस्कं सामान मापून सांगा."

अस्कं म्हणजे सगळं. नवऱ्यानं सासूबाईंना फोन लावला. त्यांनी शेजारच्या शिंप्याकडून टेप आणून पलंग, कपाट, शिलाई मशीन सगळं मोजलं आणि शेवटी विचारलं, "हा माणूस घर देतोय का आपलं सामान विकत घेतोय?" पंधरा दिवसांनी ट्रक आला. वरच्या मजल्यावर गेलो तर फरशीवर पांढऱ्या पिठानं सगळ्या वस्तूंच्या जागा आखलेल्या. पलंगाचा चौकोन, कपाटाचा चौकोन, मशीनचा चौकोन, आणि दार किती उघडेल त्याची अर्धगोल रेघ. हमालांनी एकेक वस्तू त्या त्या चौकोनात ठेवली आणि अर्ध्या तासात घर लागलं. आम्ही तिथं सात वर्षं राहिलो. मला दोनदा पलंग खिडकीशी हलवावासा वाटला, पण तो दुसरीकडे कुठं बसतच नव्हता.

गल्लीत सगळे त्यांना 'रायर' म्हणायचे. तिकडच्या मराठी माणसांना तमिळ लोक तसंच म्हणतात. आम्ही त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायला लागलो. घराणं तंजावरकडचं. त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडला त्याला इतक्या पिढ्या झाल्या होत्या की त्यांचं मराठी ऐकताना मला जुनी पोथी कुणीतरी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटायचं. महाराष्ट्रात ते आयुष्यात एकदाच गेले होते, कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला. पुणं कसं वाटलं विचारलं तर म्हणायचे, "स्टेशनाच्या जिन्याची पायरी फार उंच असे." बाकी पुण्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

नोकरी त्यांनी रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात केली होती, ड्रॉइंग ऑफिसात. प्रवासी कुठं बसेल, कुठं पाय ठेवील, ट्रंक कुठं सरकवील याचे नकाशे काढण्यात बत्तीस वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर ते अख्ख्या जगाकडे डब्यासारखंच बघायला लागले. वेष्टीच्या, म्हणजे तिकडच्या धोतराच्या, निऱ्यांत कायम स्टीलचा टेप खोचलेला. पडवळ घेताना वजन नाही, लांबी बघायचे, कारण फ्रिजचा भाजीचा कप्पा अठरा इंचाचा होता. आम्ही वरच्या मजल्यावर, म्हणून आम्ही 'अपर बर्थ'. काकू आम्हाला जेवायला बोलवायच्या तर ते जिन्याखालून हाक मारायचे, "अपर बर्थ, जेवायला या."

त्यांचं एक म्हणणं मात्र मी हसून सोडू शकले नाही. देवानं माणसाला ठरावीक वाकणी दिली आहेत, असं ते सांगायचे. कमरेतून जितक्या वेळा वाकायचं तितकं वाकून झालं की संपलं, मग कितीही तेल चोळा. म्हणून वाकणी जपून वापरायची. त्यांच्या मते वाकणी दोन जातींची असतात. एक कामाचं वाकणं, ते देवानं दिलेलं. दुसरं शोधायचं वाकणं, ते आपल्या मूर्खपणाचं. नळाखाली वाकला तो कामासाठी वाकला. पाना सापडेना म्हणून पोत्यात वाकला तो वाया गेला.

ही नुसती बडबड नव्हती. त्यांच्याकडे एक लांबट वही होती आणि तिच्यात ते लोकांची वाकणी मोजून लिहायचे.

निवृत्तीनंतरचा त्यांचा उद्योग या वहीतूनच निघाला. त्या वर्षांत शहराबाहेर सिरुसेरीकडे नुसत्या काचेच्या इमारती उठत होत्या. अड्यारमधले फरशीवाले, सुतार, इलेक्ट्रिशियन, जे आजवर सायकलवरून दोन गल्ल्यांत कामं करत होते, त्यांना आता तास-दीड तास लांब जावं लागायचं. तिथं पोचल्यावर छिन्नी घरी राहिली असं लक्षात आलं की दिवस फुकट. ज्याला जमेल तो जुनी व्हॅन घ्यायचा, तिच्यात सगळं कोंबायचा आणि मग एका थापीसाठी अर्धी व्हॅन रस्त्यावर उतरवायचा. असंच एकदा कोपऱ्यावर एका फरशीवाल्याला करताना काकांनी पाहिलं. ते तासभर तिथं उभे राहिले आणि त्यानंतर आमच्या अंगणात व्हॅनी यायला लागल्या.

त्यांची पद्धत अशी. आधी त्या कारागिराच्या मागं एक दिवस वही घेऊन फिरायचं. मग त्याची सगळी हत्यारं अंगणात मांडायची. मग कोलमच्या पिठानं, म्हणजे तिकडच्या रांगोळीच्या पिठानं, अंगणात व्हॅन आखायची. खऱ्या मापाची, चाकांच्या फुगवट्यांसकट. दारात काकूंचा कोलम, कमळांचा आणि वेलींचा. आत अंगणात काकांची व्हॅन. आणि त्या कारागिरानं आठवडाभर रोज सकाळी त्या रेघांच्या आत हत्यारं लावायची, काढायची, परत लावायची. दारातूनच आत जायचं. रेघेवर पाय पडला की काका पायरीवरून ओरडायचे, "पत्रा लागला. बाहेर ये." चांगले चाळिशीचे बाप्ये अंगणात पिठाच्या रेघा सांभाळत पाऊल टाकताना बघून मी वरच्या गॅलरीत पदरात तोंड लपवून हसायची. पण त्या आठवड्याच्या शेवटी कुठला खण कुठं हवा ते रेघांतून आपोआप ठरलेलं असायचं. खरी व्हॅन त्यानंतर बघायला जायचं, त्या मापाची.

आणि प्रत्येक व्हॅनमध्ये एक कप्पा रिकामा ठेवायचा. हा त्यांचा कायदा. फरशीवाल्यानं त्यात सिमेंटची पिशवी ठेवली तर काकांनी त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. "उद्याचं काम काय असेल ते तुला माहीत असे काय? मग त्याला जागा नको?"

मुरुगेसन आला तो या सगळ्यावर विश्वास ठेवून नव्हे, नाइलाजानं. तो आमच्या गल्लीचा प्लंबर. पंचेचाळिशीचा, ताडमाड उंच, नळाखाली शिरला की त्याचे पाय मोरीच्या बाहेर. पाठ गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक तर वाकणं कमी कर, नाही तर धंदा सोड. मेव्हण्यानं एका इमारतीत वॉचमनची जागा बघून ठेवली होती. मुरुगेसन मला अक्का म्हणायचा. एकदा आमच्या गिझरचा पाइप बसवता बसवता म्हणाला, "अक्का, काम वाईट नाही. खुर्ची देतात. पण दिवसभर खुर्चीत बसून मी दुसऱ्यांच्या गळक्या टाक्या बघत बसायचं, ते नाही जमणार मला." एवढं बोलून तो बराच वेळ पाइपाला नुसता टेफ्लॉन टेप गुंडाळत राहिला.

त्यात सिरुसेरीच्या एका कंपनीतल्या नळकामाच्या वर्षभराच्या देखभालीचं काम त्याच्याकडे चालून आलं. अट एकच, स्वतःचं वाहन आणि सगळं सामान बरोबर. पहिल्या तारखेला, सोमवारी सकाळी, व्हॅन घेऊन गेटवर उभं राहायचं. तोवर व्हॅन झाली आणि पाठ टिकली तर धंदा राहणार होता. नाही तर खुर्ची.

काकांनी ते मनावर घेतलं आणि वही माझ्या हातात दिली. त्यांचा मोतीबिंदू पिकला होता. मी म्हटलं, काका, रविवार आहे. ते म्हणाले, "रविवारी पाणी गळत नाही काय?" झालं. सरकारी नोकरीतली बाई, मी दिवसभर एका प्लंबरच्या मागं पेन्सिल घेऊन फिरले. लोकांना वाटलं मी पाणीपट्टीवाली आहे. एका बाईनं तर मला बघून मोटरच बंद केली. संध्याकाळी बेरीज केली, दोनशे अकरा. त्यातली कामाची फक्त चौसष्ट. बाकी सगळी पोत्यातली. मुरुगेसन मोपेडच्या पायाशी एक पोतं ठेवायचा आणि प्रत्येक एल्बो, प्रत्येक वॉशर त्याच्या तळाशी असायचा.

ती बेरीज ऐकून मुरुगेसन पायरीवर बसला. "म्हणजे पाठ पाण्यानं नाही गेली," तो म्हणाला, "पोत्यानं गेली."

त्या दिवसापासून त्याचा विश्वास बसला. आठवडाभर तो पहाटे पाचला येऊन अंगणातल्या पिठाच्या व्हॅनमध्ये पाने लावायचा. दोन्ही बाजूंना फळ्यांची मांडणी, मधे उभं राहायला बोळ. त्या बोळात उभा राहून तो डोळे मिटून हात लांब करायचा आणि हवा तो पाना हाताला लागायचा. सातव्या दिवशी काका म्हणाले, "शरी, ठीक असे. आता व्हॅन बघू."

जुन्या गाड्यांच्या आवारात दोन व्हॅनी होत्या. एक उंच टपाची, पण पोटानं आखूड. दुसरी बुटकी आणि लांब. काकांनी मागच्या दाराशी गुडघे टेकून टेप टाकला. बुटकीची फरशी पिठाच्या व्हॅनशी बोटभरसुद्धा चुकत नव्हती. मुरुगेसन तेव्हा मेकॅनिकबरोबर इंजिनात डोकं घालून होता. काका उठले, टेप गुंडाळला आणि लग्न ठरवल्यासारखे माझ्याकडे बघून म्हणाले, "हीच."

मांडण्या अंगणातच बनल्या. सुतारानं पिठाच्या रेघांवर उभ्या करून त्या जोडल्या आणि मागच्या दारानं सरकवून आत बसवल्या. सुतार पाच फुटी होता आणि आत बसूनच काम करायचा, तेही आमचंच नशीब. शुक्रवारी सकाळी पूजा. काकूंनी कापूर ओवाळला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. पूजेआधी मालकानं आत पाय ठेवायचा नाही अशी पद्धत, त्यामुळं मुरुगेसन त्या क्षणी पहिल्यांदा आपल्या व्हॅनमध्ये शिरला. उजवा पाय ठेवला, आत गेला आणि कमरेत काटकोनात दुमडून उभा राहिला. टप त्याच्या छातीपर्यंतही जेमतेम होता.

मुरुगेसननं तशाच अवस्थेत एक पाना काढला, परत ठेवला आणि कमरेला हात लावत बाहेर आला. "छान झालीय, सार," असं म्हणाला. तो चांगला माणूस होता, म्हणून तसं म्हणाला.

पिठाच्या व्हॅनला टप नव्हता. वर नुसतं आभाळ. आठवडाभर तो आभाळाखाली ताठ उभा राहून पाने काढत होता, आणि वाकण्यांची वही ठेवणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं. मी रागावून विचारलं, खरंच रागावले होते मी, "काका, बत्तीस वर्षं डबे काढलेत ना तुम्ही?"

"मी फरशी काढलों," ते म्हणाले. "छत दुसऱ्या टेबलावर होतं. माझ्या टेबलावर छत कधी आलंच नाही."

त्यांचा चेहरा बघून माझा राग गेला. दुपारी ते जेवले नाहीत. अंगणातल्या खुर्चीवर बसून त्या व्हॅनकडे बघत राहिले. मुरुगेसननं मेव्हण्याला निरोप पाठवला होता, वॉचमनची जागा अजून आहे का विचारायला. ते कळल्यावर काकांनी टेपसुद्धा वेष्टीतून काढून पायरीवर ठेवला. मी त्यांना टेपाशिवाय पहिल्यांदाच बघत होते.

काकू ताटलीत दहीभात घेऊन आल्या. फार बोलणारी बाई नव्हे. ताटली त्यांच्या मांडीवर ठेवली, व्हॅनकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मी रोज कपाटातून भांडं काढतें. कपाटात शिरतें काय? दार उघडतें, हात घालतें. येवढंच कीं."

काका दहीभात तसाच धरून बसले. मग उठले, व्हॅनचं डावीकडचं सरकतं दार उघडलं. मग उजवीकडचं. मग मागचं. आणि ओरडले, "सुताराला बोलवा."

मांडण्या नुसत्या फिरवायच्या होत्या. मधला बोळच नको. दोन्ही मांडण्या पाठीला पाठ लावून मधोमध, तोंडं बाहेरच्या बाजूला. व्हॅनची फरशी मुळात रस्त्यापासून वर, त्यामुळं रस्त्यावर ताठ उभ्या माणसाला सगळे कप्पे कमरेपासून छातीपर्यंत. रोज लागणारं सामान डावीकडे, फुटपाथच्या अंगाला. क्वचित लागणारं उजवीकडे, कारण तिकडून बस जाते. शिड्या टपावर. पाइपांना मागचं दार. सुतार शनिवारभर आणि रविवारी दुपारपर्यंत खपला. या वेळी काकांनी मुरुगेसनला आधी दहा वेळा सगळी दारं उघडायला लावली आणि मगच स्क्रू पिळू दिले. डावीकडचा वरचा कप्पा रिकामा ठेवला.

सोमवारी सकाळी मुरुगेसन गेला. काका दिवसभर कासावीस. मला ऑफिसात दोन फोन आले, "काय कळलं काय?" मला एग्मोरला बसून सिरुसेरीचं काय कळणार होतं? संध्याकाळी व्हॅन गल्लीत शिरली आणि मुरुगेसन उतरला तो ताठ. काम पक्कं झालं होतं. पुढच्या शनिवारी काकांनी मला वही देऊन त्याच्याबरोबर पाठवलं. कामाची वाकणी एकसष्ट. शोधायची तीन, त्यातलं एक चप्पल घालायला. मी आकडे वाचून दाखवले तेव्हा काकांनी माझ्या हातातून वही घेऊन डोळ्याशी नेली आणि स्वतः खात्री करून घेतली.

त्यानंतर अंगणात जी जी व्हॅन आखली जायची तिच्यावर कडुनिंबापासून पंपाच्या खोलीपर्यंत एक दोरी बांधलेली असायची, टपाच्या उंचीवर. गल्लीतले लोक त्यावर कपडे वाळत घालायला यायचे आणि शिव्या खाऊन जायचे.

वही वाईट असते. एकदा मोजायची सवय लागली की सुटत नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराला, तिकडे दारोदारी मोठमोठे कोलम काढतात. एका सकाळी मी गॅलरीत चहा पीत होते आणि खाली काकू ठिपके मांडत होत्या. एक ठिपका, एक वाकणं. गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या, अर्धं पाऊल सरकायच्या, परत वाकायच्या. मी सहज मोजायला लागले आणि शंभराच्या पुढं गेल्यावर कप तसाच ठेवून उठले. खाली जाऊन काकांना आकडा सांगितला. मुरुगेसन तिथंच पंपाचा वॉशर बदलत होता.

काकांनी वहीची पानं उलटून बघितली. चव्वेचाळीस वर्षं ही बाई त्यांच्या दारात रोज वाकत होती, आणि वहीत तिचं एक पान नव्हतं. "हीही दुसऱ्या टेबलावर राहिली," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी काकूंना स्टूल दिलं, काकूंनी ते परत केलं. छापील कोलम आणून दारात चिकटवला, काकूंनी तो खरवडून काढला. एक दिवस स्वतः काढायला बसले तर त्यांच्या कमळाला चार चाकं आल्यासारखी दिसायला लागली. काकू म्हणाल्या, "मला कोलम काढायचा असे, टाळायचा नसे."

दोन आठवड्यांनी, पोंगलच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सकाळी, मुरुगेसन व्हॅन घेऊन आला. त्यानं डावीकडचं दार सरकवलं आणि वरचा कप्पा ओढला, रिकामा ठेवायचा तो. तो रिकामा नव्हता. त्यात तीन फुटांचा एक बारीक पाइप होता. वरच्या तोंडाला पीठ भरायला नरसाळं, खालच्या तोंडाला नळाची एक छोटी चावी, आणि त्या चावीला बांधून वर हातापर्यंत आणलेली तार. तार ओढली की पीठ सुटतं, सोडली की थांबतं.

काकूंनी तो हातात घेतला, वजन बघितलं, पीठ भरलं. पहिला ठिपका जाडा पडला, दुसराही. तिसऱ्यापासून हात बसला. मग त्या दारात ताठ उभ्या राहून, पदर खोचून, अख्खं अंगण भरेल असा कोलम काढत गेल्या. काका खांबाशी वही उघडून उभे होते, पेन्सिल कागदावर टेकवून. पाऊण तासानं काकूंनी शेवटच्या पाकळीची रेघ मिळवली. काकांनी पान माझ्यापुढं धरलं. त्यावर काहीच नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या, आणि ते त्यांनी मोतीबिंदूवर ढकललं.

मुरुगेसननं व्हॅनचा कप्पा आत सरकवला, दार ओढून घेतलं.

"कप्पा परत रिकामा झाला, सार," तो म्हणाला.